मूळ मालकापासून किती हात दूर?

दसरा आणि दिवाळी-पाडव्याला गाड्यांची शोरूम्स भरून वाहतात. पितृपक्षात थांबून राहिलेले गिऱ्हाईक एकदम येते आणि हार घातलेल्या गाड्या रांगेने बाहेर पडतात. यातल्या पुष्कळ घरांत आधीची एक गाडी असते आणि तीही त्याच सुमारास घराबाहेर पडते. कुणाची शोरूममध्येच एक्सचेंजला जाते, कुणाची ऑनलाइन कंपनी उचलून नेते, कुणाची मेव्हण्याकडे किंवा हमरस्त्यावरच्या ऑटो कन्सल्टंटकडे जाते. त्यामुळे दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने जुनी गाडी शोधणाऱ्याला माल भरपूर असतो. या बाजारात उतरणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'कुठली गाडी घेऊ?' हा. स्विफ्ट की आय-ट्वेंटी, पेट्रोल की डिझेल, यावर घरात आठवडाभर चर्चा चालते. 'कुठून घेऊ?' हा प्रश्न मागून येतो आणि त्याचे उत्तर बहुधा ओळखीवर किंवा दहा-वीस हजारांच्या फरकावर ठरते. माझ्या मते क्रम उलटा हवा. चांगल्या मॉडेलची वाईट गाडी आणि सामान्य मॉडेलची उत्तम गाडी एकाच बाजारात मिळतात. आपल्या हाती त्यातली कुठली लागेल हे गाडी कुठून येते यावर पुष्कळसे ठरते. आणि 'कुठून' ठरवायला दुकानाची पाटी, एसी ऑफिस किंवा जाहिरातीतला नट यांपेक्षा एकच माप उपयोगाचे आहे: ज्याने ती गाडी चालवली तो मालक आणि तुम्ही, यांच्यामध्ये किती हात आहेत.

या मापामागचा विचार नवा नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. 2001 साली त्याच कामासाठी अकरलॉफ यांना इतर दोघांसह नोबेल मिळाले. निबंधातला युक्तिवाद साधा आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सरसकट मध्यम भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, खराब गाडी विकणे परवडते. मग चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि भाव आणखी उतरतो. या निबंधात भारतही आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि भारतीय गृहिणीला ते निवडत बसावे लागते, हे उदाहरण त्यांनी दिले आहे. तांदूळ निदान ताटात पसरता येतो. गाडीचे खडे इंजिनात, गिअरबॉक्समध्ये आणि रंगाखाली असतात.

अकरलॉफ यांचे गणित तंतोतंत खरे मानले तर जुनी गाडी घेणे हा मूर्खपणाच ठरेल, आणि ते खरे नाही. एरिक बाँड यांनी 1982 साली अमेरिकेतले पिकअप ट्रक तपासले, तेव्हा जुने म्हणून विकत घेतलेले ट्रक पहिल्यापासून एकाच मालकाकडे राहिलेल्या ट्रकांपेक्षा जास्त दुरुस्त्या मागतात असे त्यांना आढळले नाही. कारण उघड आहे. माणसे गाडी फक्त ती बिघडली म्हणून विकत नाहीत. बँकेतल्या अधिकाऱ्याची बदली होते, हिंजवडीतला इंजिनिअर परदेशी जातो, घरात दुसरे मूल येते आणि पाच जणांची गाडी अपुरी पडते. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, तेव्हा चालती-बोलती चांगली गाडी देऊन नवी घेण्याचा मोह पुष्कळांना झाला असणार. म्हणजे बाजारात चांगल्या गाड्या आहेत, भरपूर आहेत. मात्र ती चांगली आहे हे ज्याला ठाऊक असते तो मालक विक्रीनंतर बाजूला होतो आणि त्याच्याबरोबर गाडीची सगळी हकीकतही जाते. म्हणून हातांची मोजणी महत्त्वाची.

हे हात कसे वाढतात ते पाहू. शोरूममध्ये एक्सचेंजला आलेली गाडी तिथेच विकली जाते असे नाही. कमी वयाची, आपल्याच कंपनीची, आपल्याच वर्कशॉपमध्ये सर्व्हिस झालेली गाडी वितरक साधारणतः आपल्या जुन्या गाड्यांच्या विभागात ठेवतो. मारुतीने 2001 मध्ये ट्रू व्हॅल्यू सुरू केले, पुढे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी अशीच साखळी उभी केली, ती याच मालासाठी. उरलेली, म्हणजे जास्त वयाची, दुसऱ्या कंपनीची, ठोकलेली किंवा कागदाची भानगड असलेली गाडी व्यापाऱ्यांना बोलीने दिली जाते. ऑनलाइन कंपन्यांचेही बरेचसे असेच: काही गाड्या स्वतः विकायला ठेवायच्या, बाकीच्यांवर व्यापाऱ्यांची बोली लावायची. पुण्यातल्या व्यापाऱ्याने घेतलेली गाडी साताऱ्याच्या व्यापाऱ्याकडे, तिथून एखाद्या तालुक्याच्या गावी. मोठ्या शहरात जी कुणी ठेवली नाही ती लहान गावात 'पुण्याची गाडी' म्हणून मिरवते, एमएच-12 चा नंबर हीच तिची शिफारस होते. एमएच-12 वरून कळते ते एवढेच की गाडीचे पासिंग पुण्याचे आहे.

या प्रवासातली सर्वांत मोठी लबाडी कागदावर दिसतच नाही. मालक गाडी देताना टीटी फॉर्मवर, म्हणजे फॉर्म 29 आणि 30 वर, सही करून देतो. घेणाऱ्याचे नाव कोरे असते. व्यापारी ते कोरे फॉर्म गाडीबरोबर पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. शेवटी खरा गिऱ्हाईक मिळाला की त्याचे नाव भरले जाते. आरसीवर मग पहिला मालक आणि थेट तुम्ही, असे दोघेच दिसता. 'सिंगल ओनर' हे शब्द खरे ठरतात आणि मधले तीन व्यापारी, तिथे उभी राहिलेली सहा महिने, केलेले डेंटिंग-पेंटिंग आणि मागे घेतलेला मीटर यांचा मागमूस राहत नाही. म्हणून आरसीवरच्या मालकांची संख्या म्हणजे हातांची संख्या नव्हे. ती जाणून घ्यायचा उपाय एकच: आरसीवर ज्याचे नाव आहे त्या माणसाशी बोलणे. गाडी कधी दिली, कुणाला दिली आणि त्या दिवशी मीटर किती होता, एवढे तीन प्रश्न पुरतात. गाडी मार्चमध्ये दिली असेल आणि तुम्ही नोव्हेंबरात बघत असाल, तर मधल्या आठ महिन्यांचा हिशेब विकणाऱ्याने द्यायला हवा.

या कोऱ्या फॉर्मांचा फटका फक्त घेणाऱ्याला बसत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात हेच पुन्हा ठासून सांगितले. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती; भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. हे वाचल्यावर शहाणा मालक कोऱ्या फॉर्मवर सही करायला कचरेल. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये नियमांत दुरुस्ती करून हे भोक बुजवण्याचा प्रयत्न केला. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचे, मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म 29-सी ने पोर्टलवर कळवायचे, आणि त्या क्षणापासून पुढच्या विक्रीपर्यंत व्यापारी हाच गाडीचा मालक समजला जाणार. गाडी ट्रायल, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांखेरीज रस्त्यावर आणायची नाही आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. नियम चांगला आहे, कारण तो मधला हात कागदावर आणतो. आपल्या परिसरातल्या व्यापाऱ्याकडे असे प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला मात्र आपण लाजतो. वकिलाची सनद आणि डॉक्टरची पदवी भिंतीवर बघणारे आपण इथे चहा घेतो आणि गाडीचा रंग बघतो.

हात वाढले की नक्की काय हरवते? पहिली जाते सर्व्हिसची नोंद. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक भेटीला किलोमीटर लिहिले जातात. 2021 मध्ये 62,000 आणि आज मीटरवर 48,000, असा प्रकार उघडा पाडायला एवढी एक नोंद पुरते. पण ती मिळवायला मालकाचा मोबाइल नंबर किंवा त्याची संमती लागते, आणि तिसऱ्या व्यापाऱ्याकडे ती नसते. मग हरवते विम्याची कहाणी, जी मला सर्वांत बोलकी वाटते. नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षे दावा केला नाही तर 50 टक्के असा चढतो. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. पण मालकाने दुसरी गाडी मध्ये आणलेली नसेल तर त्याच्या शेवटच्या पॉलिसीवरचा आकडा गाडीचे चरित्रही सांगून जातो. सात वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर 50 टक्के दिसले तर मोठा अपघात विम्यातून दुरुस्त झालेला नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. शून्य किंवा 20 दिसले तर नुकताच दावा झालेला असणार. कशाचा, हे विचारायला हवे. बोनस शाबूत ठेवणारे वेगळे कव्हर आता मिळते, म्हणून पॉलिसी पहिल्या पानावरच सोडू नये. व्यापारी मात्र बहुतेक वेळा 'इन्शुरन्स नवीन काढून देतो' म्हणतो. ते ऐकायला उदार वाटते. प्रत्यक्षात जुनी पॉलिसी नजरेआड होते.

महाराष्ट्रात यात पाण्याची भर पडते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली आणि 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्यांचे दोन भाग पडतात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या तीन चतुर्थांशाहून जास्त होणार असेल तर विमा कंपनी ती टोटल लॉस धरते आणि अवशेष लिलावात जातात. बाकीच्या वाळवून, धुऊन, वायरिंग जोडून बाजारात येतात. पुरातली गाडी पहिले काही महिने नीट चालते, हाच तिचा धोका. कनेक्टरमधला गंज सावकाश बोलतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ बघणे, सीटच्या रुळांवरचा गंज बघणे, डिकीतल्या स्टेपनीखाली हात घालणे, या गोष्टी कुणालाही करता येतात. पण याहून सोपा पुरावा म्हणजे मालकाचा पत्ता आणि सर्व्हिसची तारीख. सांगलीतली गाडी 2019 च्या सप्टेंबरात वर्कशॉपला महिनाभर होती, हे नोंदीत दिसते. चार हातांनंतर ती 'नाशिकची गाडी' होऊन आलेली असते आणि तिला पूर ठाऊक नसतो. दिल्लीच्या गाड्यांचेही तसेच आहे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने निर्बंध आणले, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, नंतर अंमलबजावणी बरीच वर-खाली झाली. त्या भीतीने मोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेर पडल्या आणि आपल्याकडेही आल्या. त्यांच्या किमतीत इथला कर, एनओसी आणि नव्या पासिंगचा खर्च मिळवला तर स्वस्ताई बरीच विरते. डिझेल गाडीचे आठवे-नववे वर्ष दिल्लीच्या वाहतुकीत गेलेले असते ते वेगळेच.

इथे एक रास्त आक्षेप येतो. थेट मालकाकडून घेतली आणि नंतर दोष निघाला तर दाद कुठे मागायची? आक्षेप खरा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यापाऱ्याविरुद्ध आणि सेवा देणाऱ्याविरुद्ध चालतो. आपली एकुलती गाडी विकणाऱ्या शेजाऱ्याविरुद्ध जिल्हा आयोगात जाता येत नाही, दिवाणी दावा लावावा लागतो, आणि जुन्या गाडीसाठी तो कुणी लावत नाही. व्यापाऱ्याविरुद्ध मात्र तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्कही नाही. म्हणजे मालकाकडे माहिती मिळते पण दाद नाही, व्यापाऱ्याकडे दाद आहे पण माहिती नाही. तरीही मी माहितीच्या बाजूने कौल देतो, कारण दाद मागायला पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे पुन्हा माहितीच. 'इंजिन ओके' असे तोंडी सांगणारा व्यापारी आयोगासमोर तसे म्हणालोच नाही म्हणेल. किलोमीटर, अपघात आणि पूर या तीन गोष्टी त्याने पावतीवर सहीनिशी लिहून दिल्या तरच त्याच्याकडून घेण्यात काही अर्थ. लिहून देत नसेल तर व्यापाऱ्याकडून घेण्याचा एकमेव फायदाही गेला.

हा फायदा फुकट नसतो, हेही मोजून पाहावे. समजा व्यापाऱ्याने गाडी 4 लाखांना घेतली आणि 4 लाख 60 हजारांना विकली. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या गाडीवर सरसकट 18 टक्के लागतो, पण तो फक्त फरकावर, पूर्ण किमतीवर नाही. फरकाच्या 60 हजारांतच कर धरला तर साधारण 9,150 रुपये सरकारकडे जातात. व्यक्तीने व्यक्तीला विकली तर हा कर नाही. उरलेल्या सुमारे पन्नास हजारांच्या बदल्यात गिऱ्हाइकाने काय घेतले? रंगरंगोटी, नाव बदलण्याची धावपळ वाचली, कर्जाची सोय झाली, आणि निवडायला दहा गाड्या एका जागी मिळाल्या. ज्याला आरटीओच्या फेऱ्या नकोत त्याला हे पैसे महाग नाहीत. पण चांगल्या मेकॅनिकला अर्धा दिवस देऊन गाडी लिफ्टवर चढवून बघण्याचा खर्च याच्या एका छोट्या हिश्शात होतो.

मेकॅनिक कुठून आणायचा, असे कुणी विचारेल, कारण गॅरेजवाला स्वतःच दलाल असतो आणि दोन्हीकडून कमिशन घेतो हे उघड गुपित आहे. त्यावर उपाय त्याच्या प्रामाणिकपणावर विसंबण्याचा नाही. गाडी दाखवणारा मेकॅनिक आणि तपासणारा मेकॅनिक वेगळे ठेवावेत, आणि तपासणाऱ्याला सौदा झाला किंवा मोडला तरी तेवढेच पैसे आधी द्यावेत. हे करणे सगळ्यांना शक्य नाही, हेही मान्य करायला हवे. नव्या शहरात एकटी राहणारी, शनिवार-रविवारशिवाय वेळ नसलेली मुलगी गॅरेजवर गेली तर तिच्याशी कसे बोलले जाते हे ठाऊक असणाऱ्याने तिला थेट मालक शोधण्याचा उपदेश करू नये. तिच्यासाठी ऑनलाइन कंपनी किंवा वितरकाचा जुन्या गाड्यांचा विभाग हाच योग्य पर्याय, आणि तिथे दोनशे-तीनशे मुद्द्यांच्या तपासणीच्या यादीपेक्षा एकाच कलमाकडे बघावे: गाडी किती दिवसांत परत घेतात आणि परत देताना किती कापतात. तपासणीची यादी विकणाऱ्याची असते. परतीचे दिवस घेणाऱ्याचे असतात. त्या दिवसांत गाडी सकाळी थंड इंजिनावर सुरू करून, घाटात चढवून, कंपनीच्या वर्कशॉपला दाखवून आणता येते. पुढे मिळणारी वॉरंटी मात्र बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती असते. क्लच, सस्पेन्शन, एसी, बॅटरी यांना ती शिवत नाही, आणि जुन्या गाडीत खर्च याच गोष्टींवर होतो. वॉरंटीच्या वर्षापेक्षा परतीचा आठवडा मोलाचा.

'ओळखीत घ्यावी' हा आपल्याकडचा सर्वमान्य सल्लाही तपासून घ्यायला हवा. ओळख म्हणजे माहिती असेल तर सल्ला बरोबर: मावसभावाची गाडी कशी चालवली गेली हे आपण पाहिलेले असते. पण 'ओळखीचा डीलर' म्हणजे ओळख नव्हे. त्याला तुम्ही ठाऊक आहात, गाडी त्यालाही ठाऊक नाही. नात्यातल्या व्यवहारात तर उलट प्रश्न विचारायची चोरी होते, टेस्ट ड्राइव्ह लाजेने पाच मिनिटांत आटपते आणि नाव बदलायचे 'बघू निवांत' म्हणून वर्षभर राहते. त्यापेक्षा सोसायटीतला अनोळखी पहिला मालक बरा. त्याच्याशी रोखठोक बोलता येते आणि तो राहतो तिथेच.

मग ऑटो कन्सल्टंटकडे कुणी जावे? अडीच-तीन लाखांच्या आतली, दहा वर्षांवरची गाडी हवी असेल तर दुसरी जागा जवळपास उरत नाही. कंपनीचे विभाग एवढ्या वयाची गाडी क्वचितच ठेवतात. तालुक्याच्या गावात तर तोच एक दुकानदार असतो आणि तिथे त्याची पत हीच त्याची हमी असते. वीस वर्षे एकाच जागी धंदा करणारा माणूस गावातल्या शिक्षकाला पुराची गाडी देण्याआधी दोनदा विचार करतो. शहरातल्या पाटी बदलत राहणाऱ्या दुकानाला ही भीती नसते. अशा गावच्या दुकानदाराकडून घ्यायला माझी हरकत नाही, फक्त त्याने मूळ मालकाचा फोन लावून द्यावा.

कुठूनही घ्या, आरसीवरच्या माणसाशी बोलू न देणाऱ्याकडून घेऊ नका. टोकन देण्याआधी वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, कितवा मालक आणि विम्याची मुदत बघा, थकलेली ई-चलनेही तपासा. बोजा असेल तर बँकेचे एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा असतो आणि विमा कंपनीला 14 दिवसांत कळवायचे असते. आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवायला विकणारा तयार नसेल, तर दिवाळीनंतर बाजारात दुसऱ्या गाड्या आहेत.